छत्तिसावा फोटो

माझ्या पुतणीच्या लग्नात जो फोटोग्राफर आला होता, त्याने सकाळी पहिला फोटो काढला तो चपलांचा. समता कॉलोनीतल्या मंगल भवनाच्या दारात पाहुण्यांनी काढून ठेवलेल्या चपलांचा. त्यासाठी तो फरशीवर पालथा पडला. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. चाळीस वर्षं मी रायपुरात लग्नांचे फोटो काढले, पण चपलांपुढे लोटांगण घालायची वेळ माझ्यावर आली नाही.

तो दिल्लीहून आला होता. दाढी, मुद्दाम चुरगळलेला कुर्ता आणि गळ्यात रोलचा कॅमेरा. हो, रोलचाच. ज्या रोलच्या जाचातून सुटलो म्हणून आम्ही हुश्श केलं, तो आता फॅशन होऊन परत आला आहे. फोटोत रव्यासारखे दाणे दिसू नयेत म्हणून आमची हयात गेली. हा दाणे दिसावेत म्हणून जीव टाकतो. विना फ्लॅश, विना पोज, विना डिजिटल. जे घडतं तेच टिपायचं, मध्ये पडायचं नाही, अशी याची डॉक्युमेंटरी पद्धत. दोन्हीकडच्या मंडळींचा ग्रुप फोटो कधी घेणार, असं मी विचारलं तर त्याने हात जोडले आणि म्हणाला, "सर, मैं पोज़ नहीं करवाता." एवढ्या अदबीने माझ्या सगळ्या धंद्यावर कोणी पाणी ओतलं नव्हतं.

माझा धंदा म्हणजे सदर बाजारातला एक अरुंद जिना आणि वर दोन खोल्यांचा स्टुडिओ. खाली सराफाचं दुकान, त्यामुळे लग्न ठरलेली माणसं दागिने घ्यायला यायची ती वर येऊन फोटोग्राफरही ठरवून जायची. सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या पूजांचे फोटोही मीच काढायचो. घरच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी रोलचे डबे असत, आणि त्यावरून बायकोशी रोज वाजायचं. मी काही कलावंत नव्हतो. मला कोणी कलावंत म्हटलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. पण एक गोष्ट मला येत होती: माझा महत्त्वाचा फोटो कधी चुकला नाही.

त्याचं कारण मोजणी. कॅमेऱ्यावर आकडा दिसतो, पण लग्नाच्या गर्दीत आकडा बघायला डोळा काढला की समोरचं निसटतं. म्हणून आम्ही बोटांच्या पेरांवर मोजायचो. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. अशा तीन फेऱ्या झाल्या की छत्तीस, म्हणजे रोल संपला. ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांनी आणखी एक नियम डोक्यात ठोकून बसवला होता. शेवटचं मंगलाष्टक सुरू होण्याआधी रोल बदलायचा. जुन्यात वीस फोटो बाकी असले तरी बदलायचा. कारण त्या मंगलाष्टकानंतर अंतरपाट बाजूला होतो, नवरा-नवरी एकमेकांना बघतात, आणि ते एकदाच होतं.

असाच एक फोटो मी माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात काढला होता. अंतरपाट हटला तेव्हा भावाने अक्षतांच्या माऱ्याने डोळे गच्च मिटले होते आणि भावजय त्याच्याकडे बघून हसली होती. लाजून नाही, चांगली दात दाखवून. गुरुजी रागावले होते. पुढे सहाच वर्षांनी भावजय गेली. मागे चार वर्षांची पोरगी राहिली. ती शाळेतून माझ्या स्टुडिओत यायची, डार्करूममध्ये लाल दिव्याखाली स्टुलावर बसायची, माझ्यासारखी पेरं मोजायची. आईबद्दल तिला फारसं आठवत नाही. तिला आई माहीत आहे ती त्या फोटोतली.

लग्नाच्या दोन महिने आधी ती बंगलोरहून आली आणि माझ्यासमोर बसून म्हणाली की तिला रोलवरच फोटो हवेत, आणि मुख्य म्हणजे तो एक हवा, अंतरपाटाचा. आईच्या फोटोशेजारी लावायचा आहे. अंतरपाट हटल्यावर आपला चेहरा कसा होतो ते तिला बघायचं होतं, आईसारखा होतो की नाही ते. मला वाटलं, आता ही म्हणणार की मोठे बाबा, तुम्हीच काढा. कॅमेरा मी अजून पुसून ठेवतो. ती म्हणाली, "दिल्लीचा एक फोटोग्राफर भेटला आहे. तुम्ही त्या दिवशी नुसते बसा, मोठे बाबा. तुम्ही घरचे आहात."

माझा उजवा हात थरथरतो. चहाची बशी वाजते. ते तिने पाहिलं होतं आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, हा तिचा चांगुलपणा. तेव्हा मला तो अपमान वाटला. मी "हव" म्हणून होकार दिला आणि उठून आत गेलो.

लग्नाच्या दिवशी दारात एक टोपली ठेवली होती. पाहुण्यांनी आपापले मोबाइल तिच्यात ठेवायचे, कारण फोटोत हातात मोबाइल धरलेली माणसं नकोत. हाही त्या दाढीवाल्याचाच आग्रह. माझ्या मावसबहिणीने मोबाइल देताना असं तोंड केलं जणू दागिने उतरवून देते आहे. पण सगळ्यांनी दिले. मीही दिला, आणि मनात म्हटलं, आता सगळी मदार या चपलावाल्यावर.

सकाळपासून त्याने काय काय टिपलं ते सांगतो. आचाऱ्याच्या पाठीवरचा घाम. मठ्ठ्याच्या पिंपाला टेकून झोपलेली एक म्हातारी. दाराबाहेरचं कुत्रं. भाऊ रडवेला होऊन सभागृहाच्या खांबाला हात लावून उभा होता, त्याचाही घेतला. तो बरा आला असणार असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याचा राग आला. गौरीहर पूजेच्या वेळी त्याने नवा रोल घातला. माझ्या नकळत माझा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर गेला.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी नवरीचा मोठा काका म्हणून मंचावर, नवरदेवाच्या बाजूला उभा होतो. तो मंचाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडच्या बायकांनी घरी रचलेली मंगलाष्टकं म्हटली. वृत्ताचा पत्ता नाही, पण नातेवाइकांपैकी एकाचंही नाव गळलं नाही. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी "सावधान" होतं, प्रत्येक वेळी अक्षता पडतात. इथेच तो फसला. एकदा झालं, दोनदा झालं, पाच वेळा झालं, आणि त्याची खात्री पटली की हे असंच चालत राहणार. त्याने अक्षता उडताना घेतल्या, अक्षता पडताना घेतल्या, एका पोरीच्या मुठीत चिकटलेल्या घेतल्या, मामाच्या पायाची बोटंसुद्धा घेतली. तिकडे त्याचा अंगठा रोल पुढे सरकवणारा खटका ओढत होता, इकडे माझा पेरांवर सरकत होता. दुसरी फेरी संपली. तिसरी सुरू झाली.

मग गुरुजींनी सगळ्यांना थांबवलं आणि शेवटचं मंगलाष्टक स्वतः उचललं. त्याची चाल वेगळी असते. ती कानावर पडली की मराठी लग्नात जेवणाच्या पंगतीतला माणूसही मागे वळून बघतो. वाजंत्रीवाले सरसावले. माझा अंगठा तेहतिसाव्या पेरावर होता.

मी काय करू शकत होतो? खूप काही. दोन पावलं पुढे जाऊन "रोल बदल" एवढंच म्हणायचं होतं. हाताने खूण केली असती तरी त्याला कळलं असतं, आम्ही एकाच धंद्यातले. मी हाताची घडीही घातली नाही, हात तसाच लोंबत ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिलो. चौतीस. गुरुजींचे हात. पस्तीस. अंतरपाटाची सुटलेली दशी. मला मजा वाटत होती, हे मी लपवत नाही. घडतंय ते टिपायचं, मध्ये पडायचं नाही, हा त्याचाच नियम. मी तो पाळत होतो. तेवढ्यात त्याने कॅमेरा वळवला आणि थेट माझ्या दिशेने धरून दाबला. छत्तीस.

खटका पुढे जाईना. त्याने एकदा ओढला, दोनदा ओढला, मग खाली बसला आणि रोल परत गुंडाळायला लागला. ते छोटं चाक फिरवायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. वाजंत्री कडाडली, अक्षतांचा पाऊस पडला, टाळ्या झाल्या. तो मान खाली घालून चाक फिरवत होता. मग त्याने पाठ उघडली, रोल काढला, खिशातला दुसरा दातांनी फोडला. वर बघितलं तेव्हा नवरदेवाच्या गळ्यात हार पडला होता.

तो माझ्याजवळ आला. चेहऱ्यावर चिंता म्हणून नाही. पुतणीने सांगितलेला अंतरपाट आपण टिपला, असंच तो समजत होता. फेरे केव्हा आहेत, असं विचारायला लागला, म्हणजे मुख्य प्रसंगाला तो तयार राहील.

मी म्हणालो, "जो होना था, हो गया."

दीड महिन्याने पुतणी माहेरी आली ती फोटोंचा खोका घेऊन. माझ्यासमोर एकेक ठेवत गेली आणि मी एकेकाची साल काढत गेलो. हा हललेला. यात अर्धं डोकं कापलेलं. इथे अंधार, तिथे कुत्रं. भावाचा फोटो मी नुसता बाजूला ठेवला. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, हिला आता पटतंय.

मग तिने शेवटचा ठेवला. डाव्या कडेला अंतरपाट, अजून धरलेला, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक अर्धं दिसतं. आणि मधोमध मी. ओठ एका बाजूने मुडपलेले, डोळे बारीक, समोरच्याची फजिती बघायला टपलेला एक म्हातारा. माझा इतका खरा फोटो कोणी काढला नव्हता. फोकस अचूक, उजेड अचूक. मी चूक शोधली, सापडली नाही.

तिने चेहऱ्यावर बोट ठेवलं नाही. खाली लोंबणाऱ्या हातावर ठेवलं.

"अंगठा करंगळीच्या टोकाले आहे, मोठे बाबा. शेवटच्या पेराले. तुम्ही मोजून राहिले होते."

मी हो म्हणालो.

"मंग त्याले काहून नाही सांगितलं?"

मी समोरचे फोटो एकावर एक रचायला लागलो. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. फोटो परत खोक्यात ठेवला. अंतरपाट हटला तेव्हा आपला चेहरा कसा होता, हे नवऱ्याला विचारून झालं होतं. त्याच्या डोळ्यांत अक्षता गेल्या होत्या, त्याने डोळे मिटले होते. बाबांना विचारलं, ते चष्मा पुसत होते. मामा पाठीमागे उभा, त्याला फक्त तिची वेणी दिसली. मैत्रिणी खाली, मध्ये गर्दी. मोबाइल टोपलीत.

"तुम्ही तर सामनेच होते," ती म्हणाली. "मी फोटो नाही मागत. फक्त सांगा. मी हसली का? आईसारखी?"

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. मध्ये कोणी नव्हतं. शहरातलं सगळ्यात सरावलेल्या नजरेचं माणूस म्हणून मी मिरवत आलो. आणि अंतरपाट हटला तेव्हा मी पूर्ण वेळ त्या पोराकडे बघत होतो, चाक किती वेळा फिरवतो ते मोजत.

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.