माहेरची टीम

पृथ्वीच्या पाठीवर कुठंही बायका चेंडूमागे धावत असल्या की त्यांच्या मागोमाग आमच्या आत्याबाई धावत असतात. त्या वडनेरात राहतात ही केवळ भूगोलाची चूक आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, माझी आतेसासू. वय साठीच्या पुढं, अंगकाठी तुराटीसारखी, आणि एका जागी बूड टेकण्याचं जन्मजात वावडं. लग्न होऊन मी आर्वीहून या घरात आले तेव्हा कोणीतरी म्हणालं, "ह्या आत्या, पाया पड." मी पदर सावरून वाकेपर्यंत आत्या विहिरीवर पोचल्या होत्या आणि माझा नमस्कार रिकाम्या पाटाला गेला. त्या चहा उभ्यानं पितात, जेवतात फिरत फिरत, आणि भाजी निवडायला सूप घेऊन अंगणभर हिंडतात, त्यामुळे मेथीच्या काड्या आमच्याकडे देवघरापासून गोठ्यापर्यंत कुठंही सापडतात. माझे सासरे नेमके याच्या उलट. सकाळी ओसरीवरच्या खुर्चीत बसले की जेवणाच्या हाकेशिवाय ते आणि खुर्ची वेगळे होत नाहीत. देवानं एका घराला द्यायची ती सगळी हालचाल बहिणीला देऊन टाकली आणि भावाच्या वाट्याला नुसतं बसणं उरलं, असं सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या.

दोन दिवाळ्यांमागच्या भाऊबीजेला सासऱ्यांनी बहिणीला ओवाळणीत मोबाइल घातला. माझ्या नवऱ्याचाच जुना, कोपऱ्यात काच तडकलेला. भजनं ऐकतील, घडीभर बसतील, एवढीच सगळ्यांची आशा. पण आत्याबाईंचं बोटसुद्धा घाईचं. भजनावर टेकायचं ते भलत्याच ठिकाणी टेकलं आणि आफ्रिकेतल्या कुठल्या तरी दोन संघांचा फुटबॉल सुरू झाला. त्यांनी थोडा वेळ डोळे बारीक करून पाहिलं, मग फोन घेऊन स्वयंपाकघरात माझ्याकडे आल्या. "पाह्य वं सूनबाई, साऱ्या बायका होयेत. कशा पयून राह्यल्या! अन् कोनीच त्याइले 'बस' म्हनून नाई राह्यलं." झालं. भजनं राहिली बाजूला आणि आमच्या घरात वर्षभराचा सामना सुरू झाला.

आता माणसं खेळ बसून पाहतात. आत्याबाई चालून पाहतात. चेंडू डावीकडे गेला की त्या डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, आणि चेंडू उंच उडाला की त्यांची मान आभाळाकडे. फोन हातात, त्यामुळे जमिनीकडे लक्ष द्यायला अवयवच शिल्लक नाही. एका कॉर्नरच्या वेळी त्या थेट कडब्याच्या गंजीत शिरल्या, एका पेनल्टीला गाईच्या पाण्याच्या टाक्यात उतरल्या, आणि दोन्ही वेळा बाहेर आल्यावर पहिला प्रश्न एकच: गोल झाला का. निंदणाला गेल्या तरी फोन ओच्यात असायचा. बरोबरीच्या बायका कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळीत खाली वाकलेल्या, आणि आत्याबाईंच्या पोटातून स्पॅनिशमधून कोणीतरी कोकलतंय. सुरुवातीला बायका दचकायच्या, मग त्याही विचारू लागल्या की आज कोणाचं कोणाशी आहे.

त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती. परवा लाल कपड्यांत दिसलेली पोरगी आज निळ्यात कशी? मी हिंगणघाटच्या शाळेत शिकवते, तेव्हा समजावून सांगण्याचा रोग मलाही आहे. मी क्लब आणि देश यांतला फरक फळ्यावर सांगावा तसा सांगितला. त्यांनी तो या कानानं ऐकला आणि त्या कानानं सोडला. दोन दिवसांनी कणीक मळता मळता त्यांना स्वतःच उलगडा झाला. क्लब म्हणजे सासर आणि देश म्हणजे माहेर! पोरगी वर्षभर सासरी राबते, सणावाराला माहेरचं बोलावणं येतं, मग ती चार दिवस माहेरच्या कपड्यांत मिरवते आणि पुन्हा सासरी जाते. एवढी किल्ली हाती आल्यावर सगळी कुलपं उघडली. खेळाडूंची देवघेव चालते ती लग्नसराई. कोच म्हणजे सासू, स्वतः काठावर उभी राहून दुसरीला पळवणारी. ऑफसाइड म्हणजे पंगतीचं बोलावणं येण्याआधीच पत्रावळीवर जाऊन बसणं. मी नंतर ऑफसाइडचा खरा नियम वाचला, पण अजून मला पत्रावळच आठवते.

एकदा मी म्हटलं, आत्याबाई, ही तुमची लाडकी खेळाडू दर वर्षी सासर बदलते, बरं दिसतं का हे? त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाई जमलं, सोडलं. दुसरं पाह्यलं. तिचा तं पेपरात फोटू येते. कोनी विचारते का तिले, का वं, काऊन सोडलं म्हनून?" आणि उरलेले ओलेच कपडे घडी करून घरात घेऊन गेल्या.

आत्याबाईंना हिंगणीला दिलं होतं, बोर धरणाकडं. चार महिन्यांत त्या परत आल्या. तिथं अंगणाबाहेर पाय टाकू देत नव्हते, एवढंच त्यांनी सांगितलं. भावानं त्यावर एक शब्द विचारला नाही आणि तेव्हापासून त्या याच घरात आहेत. साऱ्या गावाच्या त्या आत्या. कोणाचं बाळंतपण असो की तेरवी, त्यांच्यावाचून चूल पेटत नाही. पण दिवाळीत गावच्या लेकी माहेरी येतात, घरोघरी त्यांना चहा-फराळाला बोलावतात, ओट्या भरतात, तेव्हा आत्याबाई त्यांच्यासाठी ताटं नेणाऱ्यांत असतात. त्या काय, इथंच राहतात. जी गेलीच नाही तिला बोलावणार कुठून?

मे महिन्यात लंडनच्या सासरवाल्यांनी स्पेनच्या एका मातब्बर घराण्याला हरवून युरोपची मोठी फायनल मारली, तेव्हा आत्याबाई दिवसभर स्पेनच्या पोरींसाठी हळहळल्या, की आता सासू काही नीट जेवू घालणार नाही. पण खरी धांदल आषाढात उडाली. युरोप, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा तीन खंडांचे कप एकदम लागले. आत्याबाईंच्या भाषेत, तीन गावच्या जत्रा एकाच दिवशी. त्यात आपल्या पोरींनी थायलंडच्या पोरींना त्यांच्याच अंगणात हरवून आशियाच्या कपात जागा मिळवली, तेव्हा आत्याबाईंनी अख्ख्या आळीत गूळ-शेंगदाणे वाटले आणि घरातला गूळ संपवला. आफ्रिकेच्या फायनलला नायजेरिया दोन गोलांनी मागं पडली, तर यांनी केळझरच्या गणपतीला नवस बोलला. नायजेरिया जिंकली. नवस फेडायला त्यांच्याबरोबर एसटी बदलत मीच गेले. पुजाऱ्यांनी अभिषेकासाठी नाव-गोत्र विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "नावं अकरा हायेत, गोत्र ठाव नाई. गाव नायजेरिया." पुजारीबुवा शांत माणूस. त्यांनी डोळे न उघडता संकल्पात नायजेरिया घातलं.

त्या सगळ्या गदारोळात त्यांच्या मनाला लागून राहिली ती एकच गोष्ट. दक्षिण अमेरिकेतली चाळिशीला टेकलेली एक बाई, जिनं माहेरच्या संघाला रामराम ठोकला होता, तिला परत बोलावलं आणि तीही आली. आत्याबाई गावभर सांगत फिरल्या, वय झालं तरी बोलावलं, बरं का. गिरणीवर सांगितलं, रेशनच्या दुकानात सांगितलं, मला तर रोज सांगितलं. मग गणपतीच्या दिवसांत त्यांनी जाहीर केलं की वडनेरातही कप व्हायला पाहिजे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शाळेमागच्या पटांगणावर, लेकी विरुद्ध सुना.

गाव आधी हसलं आणि मग तयारीला लागलं. सुनांची कप्तान मी, कारण माझा आवाज मोठा. आणि गोलकीपरही मीच, कारण मला धावता येत नाही. लेकींची कप्तान शेजारची वंदा, पुलगावला दिलेली. आम्ही संध्याकाळी कापूस वेचून आलेल्या बायकांना गोळा करून सराव करायचो, तर आत्याबाई आमच्यात ओरडायच्या आणि मधेच फोनवरून पुलगावला वंदाला डाव शिकवायच्या. दोन्ही पक्षांना एकच डाव शिकवणारा गुरू जगात दुसरा नसेल. त्यांच्या पलंगाखाली झाडताना मला नवे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या रोज 'वंदाचा फोन आलता का?' असं का विचारतात. सगळे धरून चालले होते की आत्या पंच. आत्यांना बोलावणं हवं होतं. मी म्हटलं, आत्याबाई, आमच्याकडून खेळा. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी झाडू उचलला. "मी का या गावची सून आहो?"

सामन्याच्या सकाळी लेकी आमच्याच अंगणात जमल्या. वंदा मोठ्यानं एकेक नाव घेत होती आणि आत्याबाई चहाचा ट्रे घेऊन त्यांच्याभोवती येरझारा घालत होत्या. ज्यांचा चहा पिऊन झाला त्यांनाही परत देत होत्या. एकीच्या पोराला ताप आला होता म्हणून दहाच भरल्या. कोणीतरी म्हणालं, आत्याला घ्या ना. त्यावर वंदाच्या आईनं, मनात काही नसताना, सहज बोलावं तसं म्हटलं, "तिले कसं घेता? जिले सासर नाई तिले माहेर कसलं?" आत्याबाईच आधी हसल्या. बरोबर आहे म्हणाल्या, दहा जणी पुष्कळ झाल्या, मी शिट्टी मारते. आणि राखेची बादली घेऊन मैदान आखायला निघून गेल्या. ओसरीवर सासरे होते. त्यांनी ऐकलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

सामना काय वर्णावा! कोणी ओचा खोचलेला, कोणी पोराचा टी-शर्ट चढवलेला. चेंडू आमच्यापेक्षा शेजारच्या वावरातच जास्त वेळ होता. आत्याबाई शिट्टी घेऊन खेळणाऱ्यांच्या दुप्पट धावत होत्या आणि पदर पडला तरी फाऊल देत होत्या. पायात ते पांढरे बूट होतेच. आम्ही अकरा, त्या दहा, तेव्हा सुना पुढं होत्या आणि मला त्याचा आनंद काही होत नव्हता. तेवढ्यात काठावरचा गलका थांबला. पाहते तर सासरे येत होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर नवा दुपट्टा, सोयऱ्यांच्या गावी निघाल्यासारखे. चालू खेळातून ते सरळ मैदानाच्या मध्यापर्यंत आले आणि बहिणीपुढं उभे राहिले.

"बाई, तुले आनाले आलो."

हे वाक्य ऐकायला तिथली प्रत्येक बाई कधी ना कधी सासरच्या दारात ताटकळलेली होती. माझा भाऊ आर्वीहून यायचा तेव्हा त्याच्या चपलांचा आवाज मला आधी कळायचा. आत्याबाईंच्या वाट्याला मात्र ते आलंच नाही. पहिल्या दिवाळीला सासरे हिंगणीला जाणार होते, पिशवी भरून ठेवली होती, आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात आत्याबाई एकट्या एसटीतून उतरल्या. मग एका घरात राहणाऱ्या बहिणीला कुठून आणायचं?

आत्याबाईंच्या तोंडातली शिट्टी तशीच होती. "दादा, खेळ चालू हाये," त्या कशाबशा म्हणाल्या.

"असू दे. माहेरी चाल."

त्यांनी बहिणीचं मनगट धरलं आणि राखेची रेघ ओलांडून तिला लेकींच्या बाजूला नेऊन उभं केलं. वंदानं सरकून जागा केली. तिची आई काठावर पदरानं डोळे पुसत होती. मी गोलमध्ये उभी राहून सरळ रडले, आणि त्या भानगडीत लेकींनी एक गोल घातला. शिट्टी सासऱ्यांच्या गळ्यात आली. ती कधी वाजवायची ते माहीत नसल्यानं त्यांनी ती वाजवलीच नाही, त्यामुळे दूध काढायची वेळ होईपर्यंत सामना संपला नाही. शेवटी आत्याबाई चेंडू घेऊन माझ्यासमोर एकट्या आल्या. सारं बळ एकवटून त्यांनी लाथ मारली. चेंडू एकीकडे गेला, बूट दुसरीकडे. मी बूट अडवला. तरी सुनाच जिंकल्या, हे कोणी विसरू नये.

दोन दिवसांनी लेकी आपापल्या गावी निघाल्या. वंदा निरोपाला आली तशी मी तिची ओटी भरली आणि मग आत्याबाईंना म्हटलं, पाटावर या. कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर मी वर पाहिलं नाही. गहू, नारळ, खण, हळदकुंकू, सगळं रीतसर केलं. आत्याबाई पदरात ते सगळं धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "ओटी भरली म्हंजे निघा लागते वं सूनबाई. मी कुठं जाऊ?"

सासरे खुर्चीत तोंड फिरवून बसले. मग आत्याबाई स्वतःच उठल्या, पदर नीट खोचला, भावाच्या पाया पडल्या, "येतो मंग," म्हणाल्या आणि ओटीसकट वंदाबरोबर स्टँडाकडे चालू लागल्या. वळणावर दोघींनी मागं वळून हात हलवला. मी दारात उभी राहून, लेक नजरेआड होईपर्यंत उभं राहतात तशी, उभी राहिले.

चहाच्या वेळेला त्या परत आल्या. मी आधणात आणखी एक कप पाणी घातलं. एवढ्यात कशा आलात, असं मी विचारलं नाही. माहेरी आलेल्या लेकीला ते विचारू नये.