उतारावरची गोगलगाय

बस कठड्यावर आदळून दोन माणसं गेली, त्यात ड्रायव्हरची चूक नव्हती, असं चौकशीत ठरलं; पण ते त्याच्या हातांना कोण सांगणार? स्टिअरिंग धरलं की ते लटपटत. नोकरी सोडून आठ महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. शेवटी वैतागून बहिणीने त्याला इस्पितळात फुकट व्हीलचेअर ढकलायला जुंपलं.

उतारावर त्याला घाम फुटायचा. खुर्ची उलटी फिरवून, स्वतः मागे मागे सरत तो पेशंटला इंचाइंचाने खाली आणायचा. वॉर्डबॉयनी त्याचं नाव ‘गोगलगाय’ पाडलं. त्यालाही ते पटलं होतं.

मनगटाचं हाड मोडलेल्या आजी मात्र म्हणाल्या, “उद्या ऑपरेशनला मला तूच ने. बाकीच्यांना भीती वाटत नाही, म्हणून मला वाटते.”

त्याचे हात कापतच होते. पण आज त्याने ते खिशात लपवले नाहीत.