उकळलेलं विरजण

पनवेलच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, म्हणजे स्वतःला गावातला सगळ्यात शहाणा समजायचो. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास मला विषमज्वर झाला. नव्या कॅपसुलींनी ताप उतरला, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी धूम ठोकायचो आणि पोरं अदबीनं वाट सोडायची. त्यात तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांनी बरा शेरा दिला तर नोकरी कायम, नाहीतर बसा घरी! भीतीनं माझ्या फेऱ्या आणखीच वाढल्या.

डॉक्टर म्हणाले, "तापाच्या जंतूंबरोबर आतड्यातले कामाचे जंतूही गेले तुमचे. रोज घरचं ताजं दही खा."

कामाचे जंतू! मला हसूच आलं. दह्याला माझी ना नव्हती, पण विरजण यायचं शेजारच्या मिठागरवाल्या काकूंकडून. त्यात कोणाकोणाची बोटं बुडाली असतील, देव जाणे. मी ते स्टोव्हवर चांगलं खदखदून उकळलं आणि मगच बायकोच्या हाती दिलं.

सकाळी दूध जसंच्या तसं पातळ. मी गवळ्याला फैलावर घेतलं.

"अहो, विरजण कधी कोणी उकळतं का?" बायको म्हणाली.

"तू गप्प बस. शास्त्र आहे ते."

ती पातेलं उचलून आत गेली. मी रोज विरजण उकळून द्यायचो आणि दुसऱ्या दिवसापासून दही असं घट्ट लागायला लागलं की पातेलं उपडं केलं तरी सांडू नये. गवळी सुधारला म्हणून मीच माझी पाठ थोपटली. हळूहळू पोटही थाऱ्यावर आलं.

साहेब आले त्या दिवशी मी मुद्दाम जंतूंचा धडा घेतला आणि अख्खा तास जागचा हललो नाही. साहेब खूश! घरी येऊन बायकोला म्हटलं, "बघितलंस? शुद्ध दह्याचा गुण!"

ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "काय बाई तुमचं शास्त्र! तुमचं उकळलेलं मी कण्हेरीला घालत होते. काकूंकडून रोज दुसरं आणायचे."

ज्या जंतूंच्या जिवावर तासभर उभा राहिलो, त्यांनाच फळ्यावर ठळक अक्षरांत 'माणसाचे शत्रू' लिहून आलो होतो. आणि नोकरीत कायम झालो तो त्याच धड्यावर.