मुद्दाम चुकणारे आप्पा

आप्पांना ठरवून चुकता यायचं. सांगाल तितकं आणि सांगाल तिथं. बाकीची माणसं न ठरवता चुकतात आणि वर कबूलही करत नाहीत. आप्पा आधी विचारून घ्यायचे आणि मग चुकायचे.

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते. उभा जन्म कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढला आणि रिटायर झाल्यावर बारामतीत दोन खोल्या बांधल्या. मी बावड्याची. नव्वद सालानंतर कधीतरी मी बारामतीच्या कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, तेव्हा वडिलांनी मला ट्रंकेसकट या आप्पांच्या ओट्यावर आणून सोडलं. "मानसशास्त्र म्हंजी येड्यांचं का?" आप्पांच्या बायकोनं, आमच्या नानींनी, विचारलं. "न्हाय, शान्यांचं," आप्पा म्हणाले. "येड्यांची परीक्षा कोन घेतंय?"

तिसऱ्या वर्षाला स्मरणाचे प्रयोग होते. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला पुस्तकात 'प्रयुक्त' म्हणतात. त्याला अर्थ नसलेले शब्द एकेक करून दाखवायचे, मग आठवतील तेवढे त्यानं सांगायचे. पुन्हा दाखवायचे, पुन्हा विचारायचं. फेरीगणिक आठवणारे शब्द हळूहळू वाढतात आणि ती चढती रेघ आलेखाच्या कागदावर काढायची. मी आप्पांना बसवलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, वरचं बटण लावलं, आणि कारखान्यात मशीनवर उभं राहताना काढायचे तसं हातातलं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. दुसऱ्याच फेरीला त्यांनी सगळे शब्द न अडखळता म्हणून दाखवले.

"झेट म्हंजी अंथुर्ण्याचा झेंडे, माज्यासंगं लेथवर हुता त्यो," त्यांनी खुलासा केला. "कपू त्येची मेव्हणी. आन मुध त्यांचं कुत्रं." प्रत्येक शब्दाला त्यांनी कुणी ना कुणी नेमून दिलं होतं. मला रडूच कोसळलं. पुस्तकातली रेघ कशी सावकाश चढत गेलेली, आणि माझी विजेच्या खांबासारखी सरळ उभी. मॅडम म्हणणार, घरी बसून आकडे लिहिलेस. आप्पा कसनुसे झाले. आपल्या हातून पोरीचं नुकसान झालं असं त्यांना वाटलं. "आधी सांगायचं न्हाय का गं," ते म्हणाले, "चुकायचं आसतंय म्हनून."

त्या दिवसापासून समोर बसले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "किती चुकू?" यादीतले मधले शब्द माणूस जास्त विसरतो, सुरुवातीचे आणि शेवटचे ध्यानात राहतात, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी ते फार मनावर घेतलं. "मधलं सांडतो, कडंचं ठिवतो," असं म्हणून ते इतक्या बेताचं विसरायचे की माझी रेघ पुस्तकातल्यापेक्षा देखणी आली. मग होस्टेलच्या मुलीही रविवारी येऊ लागल्या. आप्पा सगळ्यांसाठी चुकले. नानी पोह्यांच्या ताटल्या आणून ठेवत कुरकुरायच्या, "ह्यांना आता इसरायचा पगार सुरू झालाय." मुलींनी त्यांचं नाव 'प्रयुक्त आप्पा' ठेवलं, आणि एखादं प्रमोशन मिळाल्यासारखे आप्पा त्यावर खूश होते. ही लबाडी होती हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. आम्हाला तिची गंमत वाटायची.

दिवाळीनंतर आप्पांनी एकदा साखरेऐवजी मीठ आणलं. नानींनी विचारलं तर म्हणाले, "मुद्दाम केलं. म्हनलं बघू तुज्या ध्यानात येतंय का." आम्ही हसलो. एकदा मंडईत सायकल ठेवून चालत घरी आले, तेव्हाही मुद्दाम. मग मुद्दामचे प्रकार वाढत गेले. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता नानी म्हणाल्या, "तू ह्येच शिकतीस न्हवं? मग बघ की जरा ह्यांच्याकडं. मला काय बरं वाटंना."

मी पुस्तकातून मान वर केली नाही. प्रकरण विस्मरणाचंच चाललं होतं. "नानी, त्यांना मुद्दाम चुकायची सवय लागलीय," मी म्हटलं. "रागवा जरा, सुटेल." दोन पुस्तकं वाचल्यावर माणसाला जो आवाज फुटतो, त्या आवाजात म्हटलं. नानी चौथी शिकलेल्या. त्यांनी माझं ऐकलं.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला आपला प्रयुक्त आपणच न्यायचा होता. मी अर्थातच आप्पांना नेलं. बाहेरच्या परीक्षक बाई समोर बसल्या होत्या. "आज अगदी थोडं चुका," मी वाटेत बजावलं होतं. पहिल्या फेरीत आप्पा काहीच बोलले नाहीत. दुसरीत एक शब्द सांगितला, तोही यादीत नसलेला. कडंचेसुद्धा राहिले नव्हते. मी डोळे वटारले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते खिडकीकडे बघत होते. परत येताना रिक्षात मी धुमसत होते. "आप्पा, चेष्टेला काही जागा असते," मी शेवटी म्हणाले. ते घड्याळाचा पट्टा लावायला बघत होते, तो लागत नव्हता.

"मुद्दाम न्हवतो चुकलो, पोरी," ते म्हणाले.

"पुरे झालं आता," मी म्हणाले.

नंतर त्यांनी हे कुणालाही सांगितलं नाही. मला तर नाहीच.

मी पास झाले, एम.ए.ला पुण्याला गेले. पुढच्या वर्षी वडिलांची चिठ्ठी आली. आप्पा एसटीत बसून वालचंदनगरला गेले होते. जुन्या क्वार्टरच्या पायरीवर बसून, तिथं राहणाऱ्या परक्या बाईला ते सांगत होते की आमच्या हिला जरा बाहेर पाठवा. मग डॉक्टर झाले आणि आजाराचं नाव कळलं. ते माझ्या पुस्तकातही होतं.

मी बारामतीला गेले. नानींनी चहा हातात दिला आणि समोर बसल्या. "वरीसभर लई बोलले गं मी त्यास्नी," त्या म्हणाल्या. "ढोंगी म्हनलं. एकदा तर म्होरलं ताट वडून घेतलं. मला वाटायचं, मुद्दाम करत्यात." तूच म्हणाली होतीस, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आजार काही माझ्यामुळे टळला नसता, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. पण त्या वर्षात नानींनी त्यांना जपलं असतं, आणि ते माझ्या एका वाक्यानं राहून गेलं. ही टोचणी अजून जात नाही आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी स्टूल ओढून पूर्वीसारखी समोर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शर्टाचं वरचं बटण चाचपलं, घड्याळ काढून बाजूला ठेवलं.

"किती चुकू?" त्यांनी विचारलं.

"चुकू नका, आप्पा," मी म्हटलं. "जेवढं येतंय तेवढंच सांगा. काही आलं नाही तरी चालेल."

 ते पहिल्या दिवशीसारखेच कसनुसे होऊन म्हणाले, "आधी सांगायचं न्हाय का गं."