देव न मानणाऱ्या काकांना घेऊन अंबड, राजूर आणि अन्वा

सुमनमावशीने फोनवर मला बातमी दिली ती अशी: "सोमवारी ह्यांचं काळीज उघडून राह्यले डॉक्टर. त्याच्या आधी तू गाडी घेऊन ये. मला तीन देव करायचेत."

"काका येतील?"

"न येऊन सांगतात कोणाला? काळीज त्यांचं हाय."

दिगंबरकाका म्हणजे मावशीचे यजमान. जालन्यात मस्तगडाजवळ दोघं राहतात. काकांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. देवाचं नाव धारण करण्यापलीकडे त्यांनी देवाशी व्यवहार ठेवला नाही. मावशी सकाळी पूजेला बसली की ते शेजारच्या खोलीत पेपर मोठ्याने वाचतात.

पुण्याहून पहाटे निघालात तर नगर आणि संभाजीनगर मागे टाकून दुपारच्या जेवणाला जालन्यात पोचता येतं. मी पोचले तेव्हा काका अंगणात मोसंबी सोलत बसले होते. दाढी छातीकडे निघाली होती. डॉक्टरांनी आराम सांगितला होता, आणि दाढी करणं हे काकांच्या मते कष्टाचं काम होतं.

"मी येतो," ते म्हणाले. "पण हात जोडणार नाही. आणि ज्याला देव आहे असं वाटतं, त्याला मी कारण विचारणार. पोथीतलं नको, ऐकीव नको. स्वतःचं कारण."

"विचारा," मावशी म्हणाली. "लोकांनी मारलं तर मी मधी पडणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबड. जालन्याहून तासाभराच्या आत पोचाल. वाटेत कापसाने फुगलेले टेम्पो लागतात, त्यांच्या मागे फार वेळ राहू नका, गाडीला दाढी येते. मत्स्योदरी देवीची टेकडी माशाच्या आकाराची आहे म्हणतात. मला ती लांबून बसलेल्या म्हशीसारखी दिसली, पण हे मी मावशीला बोलले नाही.

काकांना पायऱ्या चढायला मनाई. त्यांना खाली ओटीच्या दुकानात स्टुलावर बसवून आम्ही दोघी वर गेलो. वरून अंबडचा सगळा परिसर दिसतो, वारा छान असतो, सकाळी गेलात तर गर्दीही नसते. मावशी देवीपुढे बराच वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. मागची बाई खाकरली तेव्हा कुठे हलली.

खाली आलो तर काकांची चौकशी रंगात आली होती. दुकानवाली बाई पन्नाशीची, हातात नारळाची शेंडी.

"घरात बोलाया कोणी न्हवतं बघा," ती सांगत होती. "देवीला म्हणलं, सून बोलकी दे. दिली! आता सकाळपासून बोलून राह्यली, रात्री झोपेतबी बोलते. म्हून मी दुकानात येऊन बसते."

"मग तुमचा विश्वास उडाला असेल," काका म्हणाले.

"उडंल कसा? मागितलेलं बराबर दिलं की. माप सांगायचं मीच इसरले."

तेवढ्यात एका शेळीने मावशीच्या ताटातला हार ओढला. मावशी म्हणाली, देवीनं घेतला. काका म्हणाले, शेळीने घेतला. शेळीने दोघांकडे शांतपणे बघत गुलाबही संपवला.

परतताना हुरडा खाल्ला. थंडीत या भागात आलात आणि शेतातला गरम हुरडा लसणाच्या चटणीसोबत न खाता गेलात, तर तुम्ही कुठेही गेला नाहीत असं समजा. काकांना मोजकाच दिला. उरलेला त्यांनी माझ्या हातातून खाल्ला.

तिसऱ्या दिवशी उत्तरेला, राजूरच्या गणपतीला. चतुर्थी टाळून जा. आम्ही साध्या वारी गेलो तरी रांग होती. रांगेत काकांच्या पुढे एक रिटायर एसटी ड्रायव्हर होते. काकांनी लगेच कारण विचारलं.

"जालना-भोकरदन गाडी चालवली मी," ते म्हणाले. "तव्हाचा रस्ता पाहिला व्हता का तुम्ही?"

"पाहिला होता."

"आन् मी जित्ता हाय."

"ब्रेकमुळे जिवंत आहात."

"ब्रेक व्हते की," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "कधीमधी."

काका इतके हसले की छातीवर हात धरून त्यांना रांगेबाहेर बसावं लागलं. मावशीने घाईने पाण्याची बाटली उघडली ती तिच्याच पदरावर सांडली. थोड्या वेळाने काका म्हणाले, "बरा आहे मी. विनोद चांगला होता." मावशी दर्शनाला गेली, पण जाताना दर चार पावलांनी मागे वळून बघत होती.

मी घरी परतूया म्हटलं. काकाच ऐकेनात. भोकरदनला जेवलो; पिठलं, भाकरी, ठेचा, बिल बघून पुण्याच्या माणसाला रडू येईल इतकं स्वस्त. मग अन्व्याला गेलो. गावात काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं मंदिर आहे. आत थंडगार, खांबांवर इतकं कोरीवकाम की मान दुखते. देव मानत नसाल तरी जा, पाथरवट तरी मानाल.

मावशी आणि मी आत होतो. काका बाहेर झाडाखालच्या ओट्यावर बसले. वारा झोंबत होता म्हणून मावशीने स्वतःची भगव्या रंगाची शाल त्यांना गुंडाळली होती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते मनगटावर बोटं ठेवून, डोळे मिटून, नाडी मोजत होते. पांढरी दाढी, भगवी शाल, मिटलेले डोळे, पुटपुटणारे ओठ. पुढे काय झालं ते ओळखा.

आम्ही बाहेर आलो तेव्हा त्यांच्यापुढे दोन नारळ होते आणि एक बाई पाया पडत होती.

"महाराज, म्हैस दूध देऊन न्हाई राह्यली."

"अहो बाई, मी मास्तर आहे."

"मास्तर म्हंजे गुरूच की!"

काकांनी हताश होऊन विचारलं, "सरकी घालता का तिला?"

बाई मागे वळून ओरडली, "अगं, सरकी संपल्याचं मी सांगितलंच न्हवतं! ह्यांनी आपोआप ओळखलं!"

"ओळखलं नाही, विचारलं! तिला गुरांच्या डॉक्टरकडे न्या."

"नेते महाराज. तुमची आज्ञा."

बघता बघता आठ-दहा माणसं जमली. मी मावशीला म्हटलं, काहीतरी कर. तिने केलं. ती पुढे झाली आणि म्हणाली, "एकामागं एक या. गर्दी करू नका, महाराजांना बीपी हाय."

काकांनी तिच्याकडे जे बघितलं, ते बघायला मी पुन्हा पुण्याहून येईन. एका मुलीला परीक्षेसाठी आशीर्वाद हवा होता, तिला त्यांनी गुरुत्वाकर्षण समजावलं. एकाला बोअरला पाणी हवं होतं, त्याला भूजलाबद्दल सांगितलं. सगळे मान डोलवत, पाया पडत, खुश होऊन जात होते.

शेवटी एक म्हातारा आला. धोतर, हातात टोपी. तो पाया पडला नाही. नुसता समोर बसला.

"मंडळीचं ऑपरेशन हाय परवा," तो म्हणाला. "पोटाचं. डॉक्टर म्हणले, 'बघू'. मला ते 'बघू' नको. कोणीतरी एकदा म्हना, सगळं बराबर होईल. तेवढंच ऐकाया आल्तो."

मला वाटलं, काका आता टक्केवारी सांगतील. स्वतःच्या ऑपरेशनबद्दल ते आम्हाला दोन दिवस तेच सांगत होते.

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळं बराबर होईल," ते म्हणाले. "बिलकुल काळजी करू नका."

म्हाताऱ्याने डोळे पुसले, टोपी घातली आणि तो निघून गेला. त्याचं ना नाव विचारायचं आम्हाला सुचलं, ना गाव.

गाडीतून परत निघालो, भोकरदन मागे पडलं. मग मावशी म्हणाली, "कशाच्या भरवशावर बोललात?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "पण बोलल्यावर मलाच बरं वाटलं." मग म्हणाले, "सुमन, जगाला विचारलं, तुला कधी विचारलंच नाही. तुझं कारण काय?"

"माझं? तुम्ही."

"मी?"

"तुमच्यासंगं संसार करायचा म्हंजे रोज कोणाला तरी सांगावं लागतं. शेजारणीला सांगितलं तर मस्तगडभर होतंय. देव कोणाला सांगत न्हाई."

"म्हणजे रोजची ती एवढी पूजा..."

"तुमच्या तक्रारी. आरती शेवटी, उरल्या वेळात."

मी स्टिअरिंगवर हसू दाबत होते. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि या दोन दिवसांत? तिन्ही ठिकाणी इतका वेळ काय सांगत होतीस?"

"हेच. तक्रारी करून राह्यले इतकी वर्षं, त्या बंद नका करू म्हणलं. ज्याच्या करते तो माणूस राहू द्या."

राजूर येईपर्यंत काकांनी मावशीचा हात धरून ठेवला होता, आणि दोघंही मला ते दिसत नाही असं समजत होते.

सोमवारी संभाजीनगरला ऑपरेशन झालं. आम्ही बाहेर बसलो होतो. मावशीचे ओठ हलत होते, आणि खरं सांगायचं तर माझेही. डॉक्टर बाहेर येऊन छान झालं म्हणाले, तेव्हा मावशी त्यांच्याच पाया पडायला निघाली. त्यांनी उडी मारून पाय वाचवले.

पुण्यात परतून आता महिना होईल. लोक विचारतात, जालन्यात बघण्यासारखं काय आहे? मी हुरडा सांगते, अन्व्याचे खांब सांगते. देवाचं विचारलं तर माझं अजून ठरत नाही. पण हॉस्पिटलच्या त्या बाकावर मी एकटी बोलत नव्हते, असं मला वाटलं होतं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

परवा मावशीचा फोन होता. काका बरे आहेत, चालतात, भांडतात. पण त्यांना एक घोर लागला आहे. अन्व्याच्या त्या म्हाताऱ्याच्या बायकोचं काय झालं? नाव नाही, गाव नाही, फोन नाही. विचारायचं कोणाला?

"रोज पूजेच्या वेळी पेपर ठेवून माझ्या मागं येऊन उभे राहतात," मावशी सांगत होती. "म्हणतात, त्या बाईचं तेवढं बघाया सांग. मी म्हणलं, तुम्हीच सांगा की! तर म्हणतात, 'न्हाई, माझी ओळख नाही. तू शिफारस कर.'"