गुण्यासरांचा फिटर ट्रेड

गुण्यासरांच्या खिशाला पेन कधी नसायचं, गुण्या असायचा. सुताराकडे काटकोन तपासायला असतो तसाच, पण पोलादी आणि वीतभर. कुठलीही कड दिसली की तो बाहेर निघायचा. नोटीस बोर्डाला लावून झाला, माझ्या केबिनच्या दाराला लावून झाला. आमच्या शिपायाच्या लग्नात तर त्यांनी तो जेवणाच्या टेबलाला लावला. "वाकडं आहे," एवढंच म्हणाले आणि निवांत जेवायला बसले. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं.

कल्याणच्या बाहेर एका ट्रस्टच्या आयटीआयमध्ये ते फिटर ट्रेड शिकवायचे. मी त्यांचाच विद्यार्थी. पुढे डिप्लोमा करून तिथेच शिकवायला लागलो आणि शेवटी प्राचार्य झालो. खडवलीपासून दिव्यापर्यंतची पोरं मशीन चालवायच्या हौसेने यायची आणि सर पहिले दोन महिने त्यांच्या हातात फक्त कानस द्यायचे. लोखंडाचा ठोकळा घासून सपाट करायचा. त्यावर गुण्या ठेवून ते तो खिडकीकडे धरायचे. "फटीतून उजेड दिसतोय. घास." माझ्या ठोकळ्यावर तीन आठवडे उजेड दिसत होता. रडकुंडीला येऊन मी म्हणालो, "सर, मशीनवर हे दोन मिनिटांत होईल." ते म्हणाले, "होईल की. पण मशीन चुकलं, हे तुला कोण सांगणार?"

राहायला ते दिव्याला. तिथे पाण्याची कायमची बोंब, म्हणून सकाळी सातला येऊन वर्कशॉपच्या नळावर दाढी करायचे आणि तोंडाला फेस असतानाच पोरांवर ओरडायचे. मी प्राचार्य झाल्यावरही मला "अरे"च म्हणायचे. केबिनमध्ये बाहेरचं कोणी असलं की मात्र "साहेब". ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग सुधारणा आल्या. परिपत्रकांची भाषा मोठी गोड होती, अर्थ एवढाच, की अनुदान हळूहळू बंद होणार आणि प्रत्येक ट्रेडने आपला खर्च आपण काढायचा. नाही जमलं तर ट्रेड बंद आणि त्याच्या शिक्षकाची नोकरीही संपली. यात सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. आमची निम्मी यंत्रं माझ्याहून म्हातारी होती आणि दरवर्षी जागा रिकाम्या राहत होत्या. बरेच खेटे घालून मी कोलशेतच्या एका कारखान्याचं काम मिळवलं. गोदामातल्या रॅकसाठी लोखंडी पट्ट्या कापून, भोकं पाडून द्यायच्या. वर्षभर पुरेल एवढं काम होतं, म्हणजे फिटर ट्रेड तगणार होता. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते एकेक पट्टी गुण्याला लावायला लागले. पास झालेल्या पट्ट्या टेबलावर, नापास जमिनीवर. चार दिवसांत जमिनीवरचा ढीग गुडघ्याएवढा झाला.

"सर, ही रॅकच्या मागे जाणार. कारखान्याला एवढा-तेवढा फरक चालतो, त्यांनी तसं लिहून दिलंय," मी म्हणालो. "कोण बघणार आहे?"

"पोरं बघतायत ना," सर म्हणाले.

मी चिडलो. ट्रेड बुडाला तर पोरंच राहणार नाहीत, असं जरा मोठ्याने बोललो. संध्याकाळी केबिनमध्ये येऊन सरांनी वर्कशॉपची चावी माझ्या टेबलावर ठेवली. "उद्या रविवार आहे. तू प्राचार्य आहेस, पाठवून दे. मी नसताना पाठव, एवढंच."

रविवारी मी गेलो. टेम्पो फाटकात उभा होता. मी ढिगातली एक पट्टी उचलली, आणि काय करतोय हे कळायच्या आत ती खिडकीकडे धरली होती. मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. शेवटी टेबलावरच्या तेवढ्या भरल्या आणि टेम्पो जवळपास रिकामाच पाठवला. तीस वर्षं त्या माणसाला नावं ठेवली आणि ऐनवेळी मी त्याच्यासारखाच वागलो. याचा मला अभिमान वाटत नाही. खरं तर काय वाटतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारखान्याच्या साहेबांचा फोन आला. माणूस सभ्य होता. "तुमचं काम फार छान आहे हो," ते म्हणाले, "पण आम्हाला एवढं छान नकोय. वेळेवर हवंय." काम दुसरीकडे गेलं. मी मुदत मागितली, ट्रस्टच्या पाया पडलो, वर अर्ज केले. सगळ्यांना वाईट वाटलं आणि कोणाच्याच हातात काही नव्हतं.

फिटर ट्रेड बंद झाला. टेबलांवरचे, लोखंड आवळून धरायचे शेगडे उपटून नेले आणि त्या हॉलमध्ये एका संस्थेने मॉलमधल्या विक्रेत्यांचा तीन महिन्यांचा कोर्स सुरू केला. त्याला गर्दी झाली आणि आयटीआयचा खर्च निघायला लागला. सरांची नोकरी वर्षअखेरपर्यंत होती. निवृत्तीला अजून चार वर्षं होती आणि धाकटीचं शिक्षण चालू होतं. एक दिवस ते म्हणाले, "या कोर्सला मास्तर लागत असेल ना? काय शिकवायचं ते सांग. येत नसेल तर आधी शिकून घेतो."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण सोमवारी ते वही घेऊन पहिल्या बाकावर बसले होते. शिकवणारी मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाची. "काका, ग्राहक आला की आधी हसायचं, मग बोलायचं," ती सांगत होती आणि सर ते लिहून घेत होते. दुपारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि हसले. दात दाखवून, दोन्ही हात पुढे बांधून. "बरं दिसतं का रे?"

"बरं दिसतं सर."

"मग त्यांना विचार ना, मला ठेवतील का."

मी विचारलं. त्यांना तिशीच्या आतलंच माणूस हवं होतं. हे सरांना सांगायचा धीर मला दोन दिवस झाला नाही, आणि त्या दोन दिवसांत ते माझ्या केबिनवरून जितक्या वेळा गेले तितक्या वेळा थांबून हसले.