पातळ भिंतींची खोली

परदेशात स्वस्तात राहायला खोली शोधायची असली की लोक चांगले अभिप्राय वाचतात. मी वाईट वाचते. कोणी लिहिलेलं असतं, ‘भिंती पातळ आहेत, शेजाऱ्याचं खोकणंसुद्धा ऐकू येतं.’ कोणी लिहितं, ‘मालकीण सारखी दारात येऊन विचारते, कुठे चाललात, जेवलात का. प्रायव्हसी नावाला नाही.’ कोणी एकच तारा देऊन जातो, कारण संडास-बाथरूम कॉमन आणि तेही गॅलरीच्या टोकाला. असं काही सापडलं की मी खोली तिथल्या तिथे बुक करते. ऑफिसातल्या मुली म्हणतात, “मॅडम, तुमचं काही खरं नाही.” नसेना का! गिरगावात, फणसवाडीतल्या चाळीत जन्म काढलेल्या बाईला कॉमन संडासाची भीती कोण घालणार? बादली घेऊन रांगेत उभं राहण्यात अजूनही माझा कोणी हात धरणार नाही.

अर्थात हे हसण्यावारी न्यायला ठीक आहे. खरं कारण वेगळं आहे. दारं बंद असलेली जागा मला सोसत नाही. तीन वर्षं झाली, सोसत नाही.

त्याआधी मी अगदी उलट होते. लग्न केलं नाही, नोकरी बरी, घरात आई आणि मी. वर्षातून एकदा रजा टाकायची आणि एकटीने निघायचं. बसभर माणसं भरून परदेशात पिठलं-भात वाढणाऱ्या टूरवाल्यांशी माझं कधी जमलं नाही. आपली खोली आपण शोधायची, आपली बॅग आपण उचलायची. आणि खोली शोधताना माझी एकच अट असायची, कोणी बघायला नको, कोणी विचारायला नको. चाळीत त्याचं मला अजीर्ण झालं होतं. आमच्याकडे सकाळी दूध आलं की दार उघडायचं, ते रात्री झोपतानाच लावायचं. दिवसा दार लावलेलं दिसलं की समजायचं, घरात भांडण तरी आहे नाहीतर आजारपण. साडेसातपर्यंत दार उघडलं नाही तर शेजारच्या काकू कडी वाजवणारच. “काय गं, बरं नाही का?” रविवारी जरा लोळेन म्हटलं तरी सोय नाही. एकदा मी आतूनच ओरडले होते, “काकू, मेले तर कळवीन तुम्हाला!” अख्खी गॅलरी खो खो हसली होती. आईसुद्धा.

मग चाळ पुनर्विकासाला गेली. नवी इमारत उभी राहीपर्यंत आम्ही माहीमला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, अकराव्या मजल्यावर. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पहिल्याच दिवशी तिने दार सताड उघडं टाकलं आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून मटार सोलत बसली. लिफ्ट यायची, माणूस उतरायचा, किल्ली फिरवायचा आणि गडप. चौथ्या दिवशी सोसायटीची चिठ्ठी आली की पॅसेजमध्ये सामान ठेवू नये, दारं बंद ठेवावीत. आई म्हणाली, “सामान म्हणजे मी का गं?” मला हसू आलं, पण बाजू मी सोसायटीची घेतली. वर तिला बजावलं, “आई, हे गिरगाव नाही. मी नसताना आतून कडी लाव, साखळी पण लाव. आणि कोणालाही पटकन उघडू नकोस.” जन्मभर कोणाचंही न ऐकलेल्या त्या बाईने माझं हे एवढं एकच ऐकलं.

त्या वर्षी मी हनोईला गेले. तिथली खोली बघून मी स्वतःवरच खूश होते. स्वस्त, स्वच्छ, आणि माणूस म्हणून कोणी नाही. मोबाइलवर एक नंबर येतो, तो दारावर दाबायचा की दार उघडतं. दोन दिवस मी तिथे कोणाशी एक शब्द बोलले नाही आणि मला ते आवडत होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माहीमहून फोन आला. आई गेली होती.

सकाळी अकराच्या सुमारास समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी आमचं एक पार्सल द्यायला आल्या होत्या. त्यांनी दोनदा बेल वाजवली. वाटलं, झोपल्या असतील. पार्सल दाराशी ठेवून त्या गेल्या. दुपारी कामवाली आली, तिने बेल वाजवून वाजवून शेवटी वॉचमनला वर बोलावलं. सुतार आणून दार फोडलं तेव्हा चार वाजून गेले होते. आई दारापासून चार पावलांवर पडली होती, तोंड दाराकडे.

डॉक्टर म्हणाले, “ॲटॅक मोठा होता. सकाळीच गेल्या असतील, जागच्या जागी.” मी त्यांचं हे बोलणं घट्ट धरलं. बेल वाजली तेव्हा आई नव्हती, एवढंच मला कोणीतरी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला हवं होतं. दुसरं काही नको. दिवस झाल्यावर मी समोरच्या वहिनींना विचारलं, “आतून काही आवाज आला होता का हो?” त्या म्हणाल्या, “नाही हो, काही म्हणजे काही नाही. आला असता तर मी गेले असते का?” बिचाऱ्या रडायलाच लागल्या. मी त्यांचंही बोलणं धरून ठेवलं.

पण घर काही ऐकत नाही. बेल वाजली की आधी मला आईच्या चपला फरशीवर घासत येताना ऐकू येतात, आणि मग ध्यानात येतं की उघडायला आता मीच आहे. ऑफिसात बाथरूमचं एखादं दार फार वेळ बंद राहिलं की मी बाहेर घुटमळत राहते. हॉटेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, दोन्ही बाजूंना बंद दारं, माझं पाऊल उचलत नाही. प्रत्येक दारामागे, चार पावलांवर, कोणीतरी पडलंय असं वाटतं. कुआलालंपूरला तशा एका हॉटेलातून मी अर्ध्या तासात बॅग उचलून बाहेर पडले, रिसेप्शनवरची मुलगी बघतच राहिली. वेड लागलंय का मला? लागलं असेल. फिरणं मात्र मी सोडलं नाही. घरात बसून राहिले असते तर जास्त लागलं असतं. खोली शोधायची रीत तेवढी बदलली. आता मी आधी मालकाला लिहून विचारते, “तुम्ही त्याच घरात राहता का?” नंबर दाबून उघडणारी खोली फुकट दिली तरी नको.

गेल्या वर्षी जॉर्जियाला जायचं ठरलं. तिबिलिसीच्या जुन्या भागातल्या एका घराचे फोटो बघताना मी खुर्चीतून उठलेच. मधे चौक, चारी बाजूंनी लाकडी गॅलऱ्या, बाहेरून चढणारा जिना, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातलेले कपडे. खाली एक नळ. कोणीतरी आमची चाळ उचलून तिथे नेऊन ठेवली होती. खाली कुणा वैतागलेल्याचा अभिप्राय, ‘मालकीण फार बोलते. दार उघडं दिसलं की आत येते.’ मी बुक करून टाकलं.

मालकीण सत्तरी ओलांडलेली, अंगाने आडवी, गुडघे गेलेले. मनातल्या मनात मी तिला मावशी म्हणायला लागले. ती तिच्या भाषेत माझ्या फोनशी बोलायची आणि फोनमधली बाई मला ते मराठीत ऐकवायची, शाळेत धडा वाचतात तशा सपाट आवाजात. “तुझा नवरा कुठे आहे? तू एकटी का आहेस? तू कमी खातेस.” मी म्हटलं, चला, पोचलो एकदाचे! तिचं दार माझ्या दाराला लागूनच. सकाळी साडेसातला ते उघडायचं आणि मावशी गॅलरीत अक्रोड फोडत बसायची. तो आवाज ऐकत मी अंथरुणात पडून राहायचे. आई गेल्यापासून इतकं बरं मला कुठेच वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी अक्रोडांचा आवाज आला नाही. बाहेर येऊन बघते तर मावशीचं दार बंद. आठ वाजले. साडेआठ वाजले. समोरच्या गॅलरीत एक माणूस दाढी करत होता, त्याला मी हाताने दार दाखवलं. त्याने खांदे उडवले आणि पुन्हा आरशात बघायला लागला. त्याचंही बरोबर होतं. म्हातारी बाई, झोपली असेल. बंद दाराला एवढं घाबरायला तो काही फणसवाडीत वाढला नव्हता.

मी बोटांनी टकटक केली. थांबले. काही नाही. दाराला कान लावला. जुनं, जाडजूड लाकूड, थंडगार. पुन्हा टकटक, पुन्हा कान. मग माझा धीरच सुटला. दोन्ही तळहातांनी मी दार बडवायला लागले, “मावशी! अहो मावशी!” आणि कधीतरी “आई, दार उघड” असं ओरडायला लागले. काय ओरडते आहे ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं, पण थांबता येईना. मधेच दम घ्यायचा, कान लावायचा, पुन्हा बडवायचं. तो माणूस तोंडाला साबण तसाच ठेवून धावत आला. मी त्याला खुणेने सांगितलं, फोड. त्याने खांदा लावला तेवढ्यात आतून कडी सरकली.

मावशी दारात उभी होती. एक हात भिंतीवर, दुसऱ्या हाताखाली टेकायला घेतलेलं स्टूल, केस मोकळे, रागाने तांबडीलाल झालेली. मी तिच्या गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडले. लाज नाही, काही नाही. ती आधी माझ्यावर खेकसली, मग पाठीवरून हात फिरवायला लागली. तो माणूस हसत हसत साबण धुवायला गेला. मला इतकं हलकं वाटत होतं! या वेळी दारातून कोणी निघून गेलं नव्हतं. या वेळी दार उघडलं होतं. वाटलं, सुटले मी. आता माहीमला जाऊन नीट झोपेन.

मावशीने मला आत बसवलं. तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून चहा मीच केला. मग फोनमध्ये बोलून मी तिला सगळं सांगितलं. माझी आई आतून कडी लावलेल्या घरात एकटी गेली, कडी मीच लावायला सांगितली होती, म्हणून तुमचं दार बंद बघून माझा जीव गेला. ती ऐकत राहिली. माझा हात तिने आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि मला बरं वाटावं म्हणून फोन तोंडाजवळ धरून बराच वेळ बोलली. फोनमधली बाई तिच्या सपाट आवाजात वाचायला लागली.

“रात्री माझे गुडघे सुजले. सकाळी उठायला वेळ लागला. तुझी पहिली टकटक मी ऐकली. मी ओरडले, येते, येते, थांब. मी पुन्हा पुन्हा मोठ्याने ओरडले. तू का घाबरलीस?”

दहा मिनिटं मी त्या दाराला कान लावून उभी होते. मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

मावशी माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघत होती. माहीमचं दारही जाडच होतं. बेल दोनदा वाजली होती. आणि माझी आई, दारात आलेल्या माणसाला तिने जन्मात कधी ताटकळत ठेवलं नाही. चार पावलांवरून ती म्हणाली असणार, “आले हं, आले.”